कल्चरमध्ये ‘काहीच वाढलं नाही’, मग बुबुळाच्या जखमेवर उपचार कशाच्या आधारावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्याला काहीतरी लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळा लाल होतो, उघडवत नाही, बुबुळावर पांढरट ठिपका दिसायला लागतो. डॉक्टर नमुना घेऊन कल्चरसाठी, म्हणजे त्यातून जंतू वाढतात का ते बघण्यासाठी, लॅबला पाठवतात आणि घरचे सगळे त्या रिपोर्टची वाट बघत बसतात. मग रिपोर्ट येतो: ‘नो ग्रोथ’. पेशंट विचारतो, “म्हणजे इन्फेक्शन नाहीच ना?” आणि बरोबर आलेला मुलगा विचारतो, “मग हे तासातासाला ड्रॉप कशाला घालायचे?” कॉर्नियाच्या ओपीडीत हे दोन प्रश्न सतत येतात आणि गर्दीत त्यांची नीट उत्तरं देणं होत नाही. म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. हे पान पेशंटसाठी आणि त्याची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनाही काही भाग उपयोगी पडावा. औषधांची नावं माहितीसाठी दिली आहेत. ती वाचून मेडिकलमधून परस्पर औषध आणू नका.

बुबुळाचा जंतुसंसर्ग म्हणजे नेमकं काय होतं?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. इथे बुबुळ म्हटलंय ते यालाच. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या वरच्या पातळ थराला ओरखडा गेला की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. मग तिथे पांढरी जखम होते, तिला कॉर्नियल अल्सर म्हणतात. जखम भरल्यावर जो डाग उरतो त्यालाच गावाकडे ‘फूल पडलं’ म्हणतात.

‘डोळे आले’ आणि हे, यांत गल्लत होते आणि त्यात मोलाचे दिवस जातात. डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, चुरचुरतं, बहुतेकदा दोन्ही डोळे लाल होतात, पण नजर सहसा शाबूत असते. एकच डोळा, ठणका, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं आणि बुबुळावर पांढरा ठिपका असं असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

नमुना कसा घेतात? दुखतं का?

डोळ्यात भुलीचा थेंब टाकतात. त्यासाठी शक्यतो प्रोपॅराकेन वापरतात, कारण भुलीची काही औषधं स्वतःच जंतू मारतात आणि मग कल्चरमध्ये काही वाढत नाही. पेशंटला स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून बसवतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेची छोटी चाप लावतात. जखमेवरचा चिकट पू आधी हलक्या हाताने काढून टाकतात. त्यात मेलेल्या पेशीच जास्त असतात. खरा नमुना असतो जखमेच्या तळाशी आणि कडेला. तो १५ नंबरच्या ब्लेडने खरवडून घेतात.

एकदा खरवडून भागत नाही. दोन-तीन काचपट्ट्या, मग जंतू वाढवायच्या प्लेट (ब्लड आगार, चॉकलेट आगार, बुरशीसाठी सॅबुरो आगार), अकँथअमीबा या एकपेशीय जीवाची शंका असेल तर आणखी एक वेगळी प्लेट, अशा प्रत्येकासाठी पुन्हा थोडं खरवडावं लागतं. प्लेटवर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या रेघा ओढतात. रेघेवर जे उगवेल ते डोळ्यातलं. रेघेबाहेर उगवलेलं बहुधा हवेतून पडलेलं.

भूल असल्यामुळे दुखत नाही, ओढल्यासारखं वाटतं. भूल उतरल्यावर काही तास चुरचुरतं. खरवडल्याने जखम चिघळेल ही भीती मात्र सोडा. वरचा मेलेला थर निघाल्याने औषध आत पोचायला मदतच होते.

रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ आहे. म्हणजे इन्फेक्शन नाही, असंच ना?

नाही. पाठवलेल्या नमुन्यातून, वापरलेल्या प्लेटवर, ठरलेल्या दिवसांत काही वाढलं नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. चांगल्या लॅबमध्येसुद्धा बुबुळाच्या जखमांची कल्चर जवळपास निम्म्या वेळाच पॉझिटिव्ह येतात; बहुतेक अभ्यासांत हे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असतं. तेव्हा निगेटिव्ह रिपोर्ट ही नेहमीची गोष्ट आहे. तो हातात पडल्यावर घरी जाऊन ड्रॉप बंद करणं ही मात्र डोळा गमावायची वाट आहे.

पण मग काहीच का वाढत नाही?

पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे आधीच घातलेले ड्रॉप. गावातल्या डॉक्टरांनी किंवा थेट मेडिकलवाल्याने मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलेलं असतं. चार दिवस ते घालून पेशंट आमच्याकडे येतो. तोवर वरच्या थरातले जंतू अर्धमेले झालेले असतात, खोलवरचे जिवंत असतात. खरवडून आलेल्या नमुन्यात वाढण्याजोगं काही उरत नाही. ही परिस्थिती आपल्याकडे इतकी सर्रास आहे की पहिला ड्रॉप पडायच्या आधी नमुना घेतला गेला, हेच भाग्य म्हणावं लागतं. तालुक्याच्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: जखम मोठी असेल, मध्यभागी असेल किंवा झाडपाला लागून झाली असेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी निदान दोन काचपट्ट्या तरी तयार करा. ते जमत नसेल तर पेशंटला त्याच दिवशी पुढे पाठवा.

दुसरं, नमुना अतिशय थोडा असतो. दोन मिलिमीटरच्या जखमेतून ब्लेडच्या टोकाला जे येतं ते डोळ्याला धड दिसतही नाही, आणि तेच पाच-सहा ठिकाणी वाटायचं असतं. संसर्ग खोल असेल आणि वरचा थर भरून आलेला असेल, तर ब्लेड तिथवर पोचतच नाही.

तिसरं, नमुना पाठवण्याची पद्धत. कापसाच्या काडीने पापणीच्या आतून स्वॅब घेतला, तो संध्याकाळी कुरिअरने शहरातल्या लॅबला गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेटवर लागला, तर ते बुबुळाचं कल्चर झालंच नाही. जखम खरवडून तिथल्या तिथे प्लेटवर लावावी लागते. ‘कल्चर केलं होतं’ असं पेशंट सांगतो तेव्हा आम्ही नेहमी विचारतो की ब्लेडने खरवडलं होतं की काडी फिरवली होती.

आणि चौथं, काही जंतू नेहमीच्या प्लेटवर वाढतच नाहीत, किंवा वाढायला आठवडे घेतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

रिपोर्टला किती दिवस लागतात?

नेहमीचे जिवाणू २४ ते ४८ तासांत दिसतात. बुरशी बऱ्याचदा आठवड्याच्या आत दिसते, पण प्लेट दोन आठवडे ठेवतात. नोकार्डिया या सावकाश वाढणाऱ्या जिवाणूला पाच-सात दिवस लागू शकतात. क्षयरोगाच्या जंतूंची काही भावंडं अशी आहेत की त्यांना याहून जास्त वेळ द्यावा लागतो. म्हणून दोन दिवसांनी मिळालेला ‘नो ग्रोथ’ हा बहुधा प्राथमिक रिपोर्ट असतो. अंतिम रिपोर्ट मागून घ्या. आमच्या अनुभवात कित्येक पेशंट पहिला कागद घेऊन जातात आणि दहाव्या दिवशी प्लेटवर बुरशी आली हे त्यांना कळतच नाही.

स्मिअरमध्ये बुरशी दिसली, कल्चरमध्ये काही नाही. खरं काय मानायचं?

स्मिअर. स्मिअर म्हणजे काचपट्टीवर पसरलेला नमुना. त्यावर केओएच हे रसायन टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले असतील, तर ते आहेतच. प्लेटवर वाढले नाहीत म्हणून ते नाहीसे होत नाहीत. अर्ध्या तासात होणारी ही स्वस्त तपासणी आहे, आणि कल्चर निगेटिव्ह येणाऱ्या पेशंटमध्ये तिच्याइतका आधार दुसरा कशाचा नसतो. कॅल्कोफ्लोर व्हाइट हे रसायन वापरलं तर फ्लुरोसंट मायक्रोस्कोपमध्ये बुरशीचे तंतू आणि अकँथअमीबाच्या गाठी चमकून उठतात. ग्रॅम स्टेन या रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर जिवाणू दिसतात.

बुरशीच्या अल्सरवर औषधांची तुलना करणारी एक महत्त्वाची चाचणी दक्षिण भारतात अरविंद नेत्र रुग्णालयांमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तिच्यात ३२३ पेशंट होते आणि त्यांना घेताना निकष होता स्मिअरमध्ये बुरशी दिसण्याचा. नाटामायसिनचे ड्रॉप व्होरिकोनॅझोलच्या ड्रॉपपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम या बुरशीवर. म्हणून स्मिअरमध्ये तंतू दिसले की बहुतेक कॉर्निया तज्ज्ञ कल्चरची वाट न बघता नाटामायसिन सुरू करतात. व्होरिकोनॅझोल नवीन आणि महाग आहे म्हणून जास्त चांगलं असेल, असं समजू नका.

कल्चर नाही, स्मिअरही निगेटिव्ह. मग डॉक्टर अंदाजाने औषध देतात का?

अंदाज म्हणा, पण त्याला आधार असतो. काय लागलं, कधी लागलं, दुखणं किती वेगाने वाढलं, आधी कुठले ड्रॉप घातले, डोळा पूर्वी कधी असाच लाल झाला होता का, या प्रश्नांच्या उत्तरांतून अर्धं निदान होतं.

उसाचं पाचट, भाताचं पान, गव्हाचं कुसळ, मळणीच्या वेळी उडालेला कचरा असं काही लागलं असेल तर बुरशीचा संशय आधी येतो. बुरशीची जखम कोरडी, करड्या रंगाची, किंचित उंचावलेली असते, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, आणि मुख्य जखमेपासून थोडं दूर लहान ठिपके दिसू शकतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपलेल्या मुलीचा डोळा एका रात्रीत पिवळट-हिरव्या पुवाने भरला, तर स्यूडोमोनास हा जिवाणू डोक्यात येतो. तो दोन दिवसांत बुबुळ विरघळवू शकतो. जखमेपेक्षा ठणका कितीतरी जास्त आणि बुबुळावर कडं दिसतंय, तर अकँथअमीबा. झाडाच्या फांदीसारखी जखम आणि कापसाची वात लावली तरी पेशंटला कळत नाही, म्हणजे बुबुळाची संवेदना कमी झालेली, तर नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू.

ही लक्षणं फसवतात, हे खरं आहे. अनुभवी डॉक्टरसुद्धा केवळ बघून जिवाणू की बुरशी हे दरवेळी बरोबर सांगू शकत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचं निदान पेन्सिलने लिहिलेलं समजायचं.

कल्चरमध्ये सहसा सापडत नाहीत असे जंतू कोणते?

हर्पिसचा विषाणू नेहमीच्या प्लेटवर वाढूच शकत नाही. ‘महिनाभर अँटिबायोटिक चालू आहे, फरक नाही’ अशा कहाणीत तो पुष्कळदा निघतो. औषध साधं आहे: असायक्लोविरचं मलम दिवसातून पाच वेळा किंवा गोळ्या.

अकँथअमीबा हा पाण्यात आणि मातीत राहणारा एकपेशीय जीव आहे. परदेशात तो कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा आजार म्हणून ओळखतात. भारतात मात्र त्याचे बहुसंख्य पेशंट लेन्स न वापरणारे आहेत: डोळ्यात माती गेलेले, विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्याने डोळा धुतलेले. त्याला जंतूंचा थर दिलेली खास प्लेट लागते. ती लॅबला सांगितल्याशिवाय कोणी लावत नाही. उपचारात पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडिनचे ड्रॉप महिनोन्महिने घालावे लागतात.

मायक्रोस्पोरिडिया जिवंत पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे प्लेट कायम कोरी. पावसाळ्यात याची एक सौम्य साथ दिसते, डोळा लाल आणि बुबुळावर बारीक ठिपके. ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. पण तोच जंतू बुबुळाच्या खोल थरात गेला की महिनोन्महिने हर्पिससारखा वागतो, औषधाला दाद देत नाही, आणि बऱ्याचदा शेवटी बुबुळ बदलल्यावर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये सापडतो.

नोकार्डियाच्या जखमेत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके गोलाकार मांडलेले दिसतात. अमिकासिनचे ड्रॉप त्यावर चांगले काम करतात, म्हणजे ओळखला तर डोळा वाचतो. मात्र तो सावकाश वाढतो आणि लॅबने प्लेट लवकर फेकली तर निसटतो.

आता पिथियमबद्दल थोडं जास्त, कारण तो खरोखर घातक आहे आणि हल्लीच नीट ओळखला जाऊ लागला आहे. मायक्रोस्कोपमध्ये तो थेट बुरशीसारखा दिसतो, साध्या प्लेटवर वाढला तरी बुरशीच समजला जातो. पण तो बुरशी नाही. बुरशीची बहुतेक औषधं तिच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाशी निगडित काम करतात आणि पिथियममध्ये तो घटक जवळपास नसतोच. त्यामुळे नाटामायसिन चालू असतानाच जखम वाढत जाते, तिच्यातून बारीक फाटे फुटतात. काचपट्टीवर रुंद, फितीसारखे, जवळपास आडपडदे नसलेले तंतू दिसले की शंका घ्यायची. यावर लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही खरं तर जिवाणूंची औषधं वापरतात, आणि तरीही बऱ्याच पेशंटना बुबुळ बदलावं लागतं. साचलेल्या पाण्याशी, ओल्या शेताशी याचा संबंध असतो. स्मिअरमध्ये बुरशी, पण आठवडाभर नाटामायसिन नीट घालूनही जखम वाढतेय, असं झालं तर ‘पिथियम असू शकेल का?’ हे विचारायला पेशंटनेही संकोच करू नये.

पीसीआर किंवा कॉन्फोकल तपासणी करून घ्यावी का?

कॉन्फोकल मायक्रोस्कोपमध्ये जिवंत बुबुळाच्या आत थेट बघता येतं. बुरशीचे तंतू आणि अकँथअमीबाच्या गाठी यात दिसू शकतात. जिवाणू मात्र इतके लहान असतात की दिसत नाहीत. खरवडावं लागत नाही, औषध चालू असताना करता येते, खोल संसर्गात तर फार उपयोगी. अडचण एवढीच की यंत्र मोजक्या ठिकाणी आहे आणि ते वाचणारा हात तयार लागतो.

पीसीआर म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. तो मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडतो. हेच त्याचं बळ आणि हीच मर्यादा: ड्रॉप घातलेल्या डोळ्यातही उत्तर मिळू शकतं, पण पापणीवर नेहमी असणारे निरुपद्रवी जंतूही पॉझिटिव्ह दाखवले जातात. हर्पिस, अकँथअमीबा अशा ठरावीक संशयासाठी केलेला पीसीआर कामाचा. हैदराबाद, चेन्नई, मदुराई इथल्या मोठ्या नेत्रसंस्थांच्या लॅबमध्ये हे नियमित होतं. सगळा डीएनए एकदम वाचणारी नवी सिक्वेन्सिंग पद्धतही आली आहे, पण ती अजून रोजच्या वापरात नाही. साध्या स्मिअरला फाटा देऊन महागड्या पीसीआरकडे धावण्यात अर्थ नाही.

तोवर औषध कोणतं देतात?

जखम लहान, कडेला असेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखं एकच औषध. मोठी किंवा मध्यभागी असेल तर दोन तीव्र औषधं: सेफाझोलिन ५ टक्के आणि टोब्रामायसिन सुमारे १.४ टक्के. ही तयार बाटलीत मिळत नाहीत, इंजेक्शनच्या पावडरपासून हॉस्पिटलमध्ये बनवतात, फ्रीजमध्ये ठेवावी लागतात आणि सांगितलेल्या तारखेनंतर फेकून द्यावी लागतात. घरी बनवायचा प्रयत्न कोणी करू नये. बुरशीची शंका दाट असेल तर सोबत नाटामायसिन. बाहुली मोठी करणारा अ‍ॅट्रोपिन किंवा होमॅट्रोपिनचा थेंब ठणका कमी करण्यासाठी असतो. त्याने धूसर दिसतं, घाबरू नका.

पाच दिवस झाले. औषध बदलायचं का?

आधी बघायचं की खरंच फरक नाही का. जखम भरते तेव्हा सुरुवातीला तिची मापं तशीच राहतात आणि कडा गोलसर, बोथट होतात, पांढरेपणा विरळ होतो, ठणका उतरतो, रात्री झोप लागते. म्हणून दर भेटीला मिलिमीटरमध्ये माप लिहिलेलं आणि फोटो काढलेला असावा. दोन-तीन दिवसांत जखम वाढली नाही, हीसुद्धा चांगली खूण आहे. बुरशी तर सावकाशच उतरते. तिथे पहिल्या आठवड्यात औषध बदलायची घाई नुकसान करते.

जखम वाढतच असेल, तर आणखी एक ड्रॉप वाढवणं हा उपाय नाही. पुन्हा खरवडायचं. दुसऱ्यांदा घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा उत्तर सापडतं, कारण या वेळी डॉक्टर लॅबला नेमकं काय शोधायचं ते सांगतात.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस सगळे ड्रॉप बंद ठेवू. भीती वाटते.

वाटणारच, पण कारण पक्कं आहे. जखम स्थिर असेल तर २४ ते ४८ तास अँटिबायोटिक थांबवून मग नमुना घेतला तर दबलेला जंतू वर यायची शक्यता वाढते. जखम झपाट्याने वाढत असेल किंवा बुबुळ पातळ झालं असेल तर असं करत नाहीत. हे नेहमी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज तपासणी ठेवून करायचं.

दुसरी गोष्ट अशी की ड्रॉपसुद्धा जखम भरू देत नाहीत. तीन-चार औषधं दिवसरात्र तासातासाला तीन आठवडे चालली की त्यांतली रसायनं नव्या पेशींना तग धरू देत नाहीत. जंतू केव्हाच मेलेले असतात, डोळा मात्र लाल आणि जखम उघडीच. अशा डोळ्यातले ड्रॉप एक एक करून कमी केले की आठवड्याभरात जखम मिटायला लागते.

इथे वेल्डिंग करणाऱ्यांसाठी एक सूचना. डोळे जळतात म्हणून भुलीचा ड्रॉप खिशात ठेवून दिवसातून दहा वेळा घालणारे कारागीर आम्ही बघतो. त्या ड्रॉपनेच बुबुळ सडतं आणि वर्तुळाकार जखम होते, हुबेहूब अकँथअमीबासारखी. कल्चर अर्थातच निगेटिव्ह. असा ड्रॉप वापरत असाल तर डॉक्टरांना सांगा. कोणी रागावणार नाही, निदान मात्र एका मिनिटात होईल.

जंतू नसतानाही अशी जखम होऊ शकते?

होते. संधिवातात बुबुळाच्या कडेला चंद्रकोरीसारखी जखम पडते. तोंडावरून वारं गेलं असेल आणि पापणी मिटत नसेल, पापणीचे केस आत वळून घासत असतील, मधुमेहाने बुबुळाची संवेदना गेली असेल, लहान मुलात अ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असेल, तरीही. म्हणून साखर तपासणं, पापण्या बघणं, अश्रूंच्या पिशवीत पू आहे का ते दाबून बघणं हे उपचारातच धरायचं.

बायोप्सी कशासाठी सांगतात?

संसर्ग खोल असेल आणि दोनदा खरवडूनही उत्तर नसेल तर दोन-तीन मिलिमीटरचा बुबुळाचा तुकडा काढून अर्धा कल्चरला, अर्धा पॅथॉलॉजीला पाठवतात. दोन्हीकडे गेला पाहिजे, हे आवर्जून विचारा. सगळाच तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवला तर त्यातून काहीही वाढणार नाही.

स्टिरॉइडच्या ड्रॉपने लाली लगेच गेली होती. तोच चालू ठेवला तर?

कृपा करून नाही. लाली जाते, कारण शरीराचा प्रतिकार थंडावतो. बुरशीला मोकळं रान मिळतं. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली बाटली ‘लाल डोळ्याचा ड्रॉप’ म्हणून चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि तिने घालवलेले डोळे बघणं फार क्लेशाचं आहे. ५०० पेशंटवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. तिथे सगळ्यांच्या कल्चरमध्ये जिवाणू सिद्ध झालेले होते, आधी किमान ४८ तास अँटिबायोटिक दिलेलं होतं, आणि तरीही तीन महिन्यांनंतरच्या नजरेत स्टिरॉइडने एकंदरीत फरक पडला नाही. जंतू ठाऊक असताना ही स्थिती, मग जंतू सापडलेलाच नसताना स्टिरॉइड घालणं किती धोक्याचं, ते लक्षात येईल. कॉर्निया तज्ज्ञ ते कधीतरी देतात, पण बुरशी, अकँथअमीबा, नोकार्डिया नाही याची खात्री पटल्यावर आणि रोज तपासून.

घरी ड्रॉप घालताना काय सांभाळायचं?

हात साबणाने धुवा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. नाटामायसिनची बाटली दरवेळी नीट हलवा. औषध तळाशी बसतं आणि न हलवता घातलं तर नुसतं पाणी पडतं. त्याचा पांढरा साका जखमेवर दिसला तर तो पू नाही. पहिले दोन दिवस रात्रीही उठून घालायचे असतात. घरात पाळी लावून घ्या, एकट्या पेशंटला ते जमत नाही. डोळ्यावर पट्टी बांधू नका, काळा चष्मा पुरतो.

तूप, मध, एरंडेल, आईचं दूध, कसल्याही पाल्याचा रस डोळ्यात नको. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढणाऱ्या बाईंकडेही नको. शेतात काही लागलं तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. नेपाळमधल्या भक्तपूर इथल्या २००१ च्या अभ्यासात, ओरखडा पडल्यापासून १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम सुरू केलेल्यांपैकी कोणालाच अल्सर झाला नाही.

मोठ्या हॉस्पिटलला जाताना काय न्यायचं?

आतापर्यंत डोळ्यात घातलेली प्रत्येक बाटली, रिकामी झालेली आणि लेबल निघालेलीसुद्धा. पिशवी टेबलावर उलटी केली की बऱ्याचदा तळाशी एक जुनी स्टिरॉइडची बाटली निघते आणि सगळं कोडं उलगडतं. आधी तयार केलेल्या काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या, त्या पुन्हा बघता येतात. मोबाइलमध्ये डोळ्याचे तारखेनिशी फोटो असतील तर दाखवा. सरकारी योजनेत बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

ऑपरेशन कधी लागतं?

बुबुळाला बारीक भोक पडलं तर खास गोंद लावून वर कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. भोक मोठं असेल किंवा संसर्ग पांढऱ्या भागाकडे सरकत असेल तर दान मिळालेलं बुबुळ बसवतात. हे ऑपरेशन आधी डोळा वाचवण्यासाठी असतं, नजरेचा विचार त्यानंतर. काढलेलं बुबुळ लॅबला गेलंच पाहिजे: आठवडेच्या आठवडे न सापडलेला जंतू तिथे सापडतो आणि ऑपरेशननंतरचं औषध त्यावरून ठरतं.

जखम भरली, पण पांढरा डाग राहिला. आता काय?

घाई नको. पहिल्या काही महिन्यांत डाग आपोआप बराच पुसट होतो. कडेचा डाग नजरेच्या आड येत नाही. मधल्या डागाने पृष्ठभाग वाकडातिकडा झाला असेल तर टणक किंवा मोठ्या आकाराच्या स्क्लेरल लेन्सने पुष्कळांना कामापुरतं, काहींना त्याहून चांगलं दिसतं. तेवढ्याने भागलं नाही तर डोळा कित्येक महिने पूर्ण शांत राहिल्यावर नजरेसाठी बुबुळ बदलण्याचा विचार होतो. हर्पिस होता असं ठरलं असेल तर असायक्लोविर ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, बराच काळ घ्यायला सांगतात. अमेरिकेतल्या १९९८ च्या चाचणीत तिने वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. डोळा बरा दिसतोय म्हणून ती गोळी मधेच सोडू नका, आणि त्या डोळ्यात पुन्हा लाली किंवा धूसरपणा आला तर फाइल घेऊन त्याच दिवशी या.